सनद आणि वहिवाट: संगणक पुन्हा सुरू होतो त्याचा इतिहास

१/
देवनार हे नाव उच्चारले की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर सहसा दोनच गोष्टी उभ्या राहतात: १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारी क्षेपणभूमी आणि महापालिकेचा कत्तलखाना. मात्र देवनारमधून, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या दारावरून जाणारा शीव-ट्रॉम्बे रस्ता पुढे अणुशक्तीनगर आणि भाभा अणुसंशोधन केंद्राकडे नेतो. भारतीय संगणकाच्या इतिहासातील एक मोलाचे पान तिथे लिहिले गेले. १९६९ साली या केंद्रात ‘टीडीसी-१२’ हा संगणक तयार झाला. नावातील पहिले अक्षर ट्रॉम्बेचे, आणि बारा हा आकडा त्याच्या शब्दलांबीचा.

हा धागा त्या यंत्रापासून सुरू होतो आणि एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा माग काढतो. संगणकाला ‘रीस्टार्ट’ सांगितले की त्याला पुन्हा सुरू नेमके कोण करते?

२/
प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. चालू असलेले यंत्र स्वतःला थांबवू शकते. पण थांबल्यावर स्वतःला सुरू करण्यासाठी ते जागे कुठे असते? स्वतःच्या खांद्यावर कुणालाच चढता येत नाही. ‘बूट’ हा शब्दसुद्धा याच पेचातून आला आहे. पायातील बुटाला मागे एक पट्टी असते, आणि तीच ओढून माणसाने स्वतःला जमिनीवरून उचलावे, अशी ती मूळची अशक्यप्राय कल्पना.

म्हणून पुन्हा सुरू होणे हा नेहमी दोघांमधला व्यवहार असतो. चालू असलेली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, आपला कारभार आवरते आणि यंत्राचा ताबा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देते. तो दुसरा यंत्राला मूळ स्थितीत आणतो आणि नव्याने उभे करतो. हा ‘दुसरा’ कोण आणि त्याला निरोप कसा धाडायचा, याच्या उत्तरात गेल्या साठ वर्षांचा इतिहास दडला आहे.

३/
आरंभी तो दुसरा म्हणजे माणूस होता.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक घडला. १९६० साली तो कामाला लागला. ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी त्याची स्मृती होती आणि कार्यक्रम भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून आत जात. त्यानंतर नऊ वर्षांनी ट्रॉम्बेत टीडीसी-१२ आला, तेव्हा अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी विक्रम साराभाई होते. पुढे हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने या संगणकाचे उत्पादन केले.

त्या पिढीतील छोट्या संगणकांच्या तोंडावर खटक्यांची रांग असे. चालकाने खटके वर-खाली करून काही मोजक्या आज्ञा हाताने स्मृतीत भरायच्या. त्या आज्ञांनी कागदी पट्टी वाचायची. पट्टीवरून खरा कार्यक्रम आत यायचा. यंत्र अडकले की हाच माणूस पुन्हा पुढे येई. यंत्र आणि त्याला उठवणारा, दोघेही एकाच खोलीत होते.

४/
त्या काळात आणखी एक सोय होती. स्मृती चुंबकीय कड्यांची असे आणि वीज गेली तरी त्या कड्यांतील माहिती टिकून राही. एकदा भरलेल्या आरंभीच्या आज्ञा कुणी पुसल्या नसतील, तर दुसऱ्या दिवशीही त्या जागच्या जागी सापडत.

१९७० मध्ये इंटेलने ‘११०३’ ही अर्धवाहक स्मृतीची चिप बाजारात आणली आणि हळूहळू चुंबकीय कड्या मागे पडल्या. नवी स्मृती स्वस्त, छोटी आणि वेगवान होती, पण वीज गेली की सारे विसरणारी होती. आता प्रत्येक सुरुवातीला कोऱ्या पाटीचा प्रश्न उभा राहिला. उत्तर म्हणून यंत्रातच एक न पुसणारी चिप बसवण्यात आली आणि चालक हाताने भरत असे त्या आज्ञा तिच्यात कायमच्या कोरल्या गेल्या.

अशा कोरीव आज्ञांना पुढे ‘फर्मवेअर’ हे नाव रूढ झाले. अमेरिकी संगणकतज्ज्ञ ॲशर ऑपलर यांनी १९६७ मध्ये तो शब्द किंचित वेगळ्या अर्थाने घडवला होता. त्याच वर्षी ट्रॉम्बेच्या संस्थेला होमी भाभांचे नाव मिळाले आणि हैदराबादेत ईसीआयएलची स्थापना झाली. खटक्यांसमोर उभा असलेला माणूस अशा रीतीने चिपमध्ये गेला.

५/
आता कथा अमेरिकेत जाते, कारण आज घराघरांत आणि कार्यालयांत असलेल्या संगणकांची वहिवाट तिथे पडली.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्याच्या निर्मात्यांपैकी एक अभियंता डेव्हिड ब्रॅडली. यंत्र घडवताना ते वारंवार अडके आणि दर वेळी वीज बंद करून चालू करावी लागे. चालू होताना फर्मवेअर सारी मेमरी तपासून पाहत असल्याने बराच वेळ जाई. ब्रॅडली यांनी आडवाट काढली: कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या की यंत्र नव्याने सुरू व्हावे. चुकून दाबल्या जाऊ नयेत, यासाठी त्या मुद्दाम एकमेकींपासून लांबच्या निवडल्या होत्या. योजना मुळात निर्मात्यांपुरतीच होती. पण ती बाहेर पडली आणि जगभर पोहोचली.

६/
त्या तीन कळांमागची यंत्रणा साधी होती. त्या यंत्रातील ८०८८ हा प्रोसेसर जागा झाल्यावर पहिली आज्ञा एका ठरलेल्या पत्त्यावरून वाचतो. तो पत्ता एक मेगाबाइटच्या टोकाच्या १६ बाइट अलीकडे आहे आणि तिथे फर्मवेअर बसलेले असते. कळा दाबल्या की कार्यक्रम सोडून यंत्र याच वाटेने फर्मवेअरच्या आरंभाकडे उडी घेई.

पण जाण्याआधी मेमरीतील एका ठराविक जागी षोडशमान पद्धतीतील १२३४ हा अंक लिहून ठेवला जाई. आरंभी फर्मवेअर तो अंक शोधे. सापडला तर ‘हे यंत्र थंड नाही, आताच चालू होते’ असे ओळखून मेमरीची दीर्घ तपासणी टाळे. ‘वॉर्म बूट’ आणि ‘कोल्ड बूट’ हा भेद इथून लोकांच्या तोंडी आला. दाराच्या उंबऱ्यावर ठेवलेली चिठ्ठीच होती ती. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी ठेवलेली. एका चिठ्ठीवर चाललेला हा व्यवहार विश्वासावर उभा होता आणि पुढे तशाच अनेक चिठ्ठ्या निघाल्या.

७/
१९८४ साली आयबीएमने ‘पीसी-एटी’ हे पुढचे यंत्र आणले आणि खरा पेच तिथे आला.

त्यातील ८०२८६ हा प्रोसेसर दोन अवस्थांत चाले. जुन्या कार्यक्रमांसाठी ‘रिअल’ अवस्था. मोठी मेमरी आणि सुरक्षित कारभार यांसाठी ‘प्रोटेक्टेड’ अवस्था. पहिलीतून दुसरीत जाण्याची आज्ञा होती, परतण्याची नव्हती. इंटेलच्या रचनाकारांनी एकेरी वाट बांधली होती, बहुधा परतावे कुणाला वाटेल असे त्यांना वाटलेच नसावे. पण लोकांचे सारे कार्यक्रम जुन्या अवस्थेतील डॉसवर चालत. एक मेगाबाइटच्या पलीकडील मेमरीत काही हलवायचे, तर पुढे जाऊन परत येणे भागच होते.

परतण्याचा मार्ग एकच उरला: प्रोसेसरला रिसेट करायचे आणि जागा झाला की तो आपसूक जुन्या अवस्थेत असेल. म्हणजे रोजच्या साध्या कामासाठी, कार्यक्रम चालू असतानाच, यंत्राच्या मेंदूला क्षणभर मारून जिवंत करावे लागणार होते.

८/
रिसेटची तार ओढणार कोण? आयबीएमच्या अभियंत्यांनी त्यासाठी जी चिप निवडली, ती आजही वाचणाऱ्याला चकित करते. ती होती कीबोर्ड सांभाळणारी चिप, ८०४२.

ती स्वतः एक छोटा संगणक होती आणि तिच्या बाहेर जाणाऱ्या काही तारा वापरात नव्हत्या. त्यांपैकी एक तार प्रोसेसरच्या रिसेटला जोडली गेली. १०० क्रमांकाच्या पोर्टवर २५४ हा अंक पाठवला की ही चिप ती तार क्षणभर खाली ओढे आणि प्रोसेसर नव्याने जागा होई. जाण्याआधी घड्याळाच्या बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत एक सांकेतिक अंक ठेवायचा. फर्मवेअर जागे होऊन तो वाची आणि ‘हा खरा आरंभ नव्हे, परतीचा प्रवास आहे’ हे समजून कार्यक्रम जिथे थांबला होता तिथे नेऊन सोडी.

कळफलकाचा आणि यंत्राच्या पुनरारंभाचा तसा काही संबंध नाही. एक तार मोकळी होती, म्हणून तो जुळला. सोयीने पडलेली ही पायवाट चाळीस वर्षे टिकेल, असे १९८४ मध्ये कुणी म्हटले असते तर हसू झाले असते.

९/
कीबोर्डच्या चिपमार्फत रिसेट करणे संथ होते. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९८७ मध्ये ओएस/२ ही कार्यप्रणाली आणली. तिला डॉसचे कार्यक्रम चालवताना दोन अवस्थांमध्ये सतत ये-जा करावी लागे, म्हणून वेगळी युक्ती वापरात आली.

प्रोसेसरला चूक आढळली की तो चूक निस्तरणारी आज्ञावली शोधतो. ती शोधतानाही चूक झाली, तर दुसऱ्या चुकीसाठी राखलेली आज्ञावली शोधतो. तिथेही चूक झाली की तो हात टेकतो आणि ‘बंद पडलो’ असा संकेत बाहेर देतो. मदरबोर्ड तो संकेत ओळखून त्याला रिसेट करतो. याला ‘ट्रिपल फॉल्ट’ म्हणतात. कार्यप्रणालीने चुका निस्तरण्याचा तक्ताच मुद्दाम रिकामा करायचा आणि मग एक चूक घडवून आणायची. बाकीचे आपोआप होते.

१९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये परतीची वाट अधिकृतपणे आली आणि मूळ गरज संपली. दोन्ही युक्त्या मात्र राहिल्या. गरज जाते आणि रीत उरते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही.

१०/
१९९१ हे वर्ष या कथेत तीन ठिकाणी येते.

पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याच्या पेशी होत्या ‘ट्रान्सप्युटर’ या ब्रिटिश चिपा. या चिपेची एक रीत मनोवेधक आहे. तिला न पुसणारी स्मृती जोडलेली नसेल, तर जागी झाल्यावर ती शेजारच्या चिपेकडून येणाऱ्या तारेवर कान देऊन बसते. पहिला बाइट सांगतो की किती लांबीचा कार्यक्रम येतो आहे; तो आला की ती चालू लागते आणि पुढच्या शेजाऱ्यालाही तसेच उठवू शकते. पहाटे एका घरातील दिवा लागावा आणि त्यावरून आळीतील बाकीचे दिवे लागत जावेत, तसा हा आरंभ. रिसेटची तारही शेजाऱ्याच्या हाती देता येई.

त्याच वर्षी ट्रॉम्बेत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘अनुपम’ या समांतर संगणकमालेचा आरंभ इंटेलच्या आय-८६० प्रोसेसरवर झाला. आणि हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केले. पुढे अनुपमच्या नंतरच्या पिढ्या साध्या पेंटियम प्रोसेसरांवर आणि लिनक्सवर आल्या. त्यामुळे १९८४ च्या त्या कीबोर्डच्या तारेचा वारसा ट्रॉम्बेच्या यंत्रदालनातही पोहोचला.

११/
तार ओढण्याआधी कार्यप्रणालीला घर आवरावे लागते. हा भाग दिसत नाही, पण नुकसान होते ते इथे.

डिस्कवर लिहायची माहिती काही काळ मेमरीत थांबलेली असते. ती न उतरवता रिसेट झाला, तर ‘जतन केले’ असे सांगितलेली कामेही नाहीशी होतात. म्हणून चालू कार्यक्रमांना आधी सभ्यपणे थांबण्याची सूचना जाते, मग न थांबणाऱ्यांना सक्तीने थांबवले जाते. माहिती डिस्कवर उतरते, डिस्कचा व्यवहार मिटतो, जोडलेली उपकरणे शांत केली जातात. यंत्रात अनेक प्रोसेसर असतील, तर ज्याने यंत्र सुरू केले होते त्या पहिल्या प्रोसेसरवर कारभार आणला जातो आणि इतर थांबवले जातात. भलत्याच प्रोसेसरवरून निरोप गेला की गोंधळणारी फर्मवेअरेही असतात.

चुकून हे सारे घडू नये, यासाठी लिनक्सने पुनरारंभाच्या आज्ञेला दोन परवलीचे अंक लावले. पहिला ४२७६२१५४६९, षोडशमान लिपीत तो इंग्रजीतील ‘फील डेड’ या शब्दांसारखा दिसतो. दुसरा ६७२२७४७९३, त्याच लिपीत तो २८१२१९६९ असा उमटतो. ही टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९. टीडीसी-१२ आणि लिनक्सचा निर्माता एकाच वर्षीचे, हा निव्वळ योगायोग.

१२/
इतकी वर्षे चाललेल्या वहिवाटीला लेखी सनद मिळाली ती सहस्रकाच्या वळणावर.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय हा करारनामा प्रसिद्ध केला. यंत्रातील वीज, झोप, तापमान यांचा कारभार कार्यप्रणालीने फर्मवेअरच्या साक्षीने कसा चालवावा, याचे ते दस्तऐवज. २००० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत पुनरारंभाचे कलम होते. फर्मवेअरने एका तक्त्यात दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणत्या जागी लिहायचे आणि कोणता अंक लिहायचा. ही सोय आपल्या यंत्रात आहे, असे सांगणारी एक खूणही तिथेच असावी. कार्यप्रणालीने तक्ता वाचावा, तो अंक त्या जागी लिहावा, आणि यंत्राने नव्याने उठावे. कीबोर्डच्या चिपेची गरज नाही, मुद्दाम चुका घडवणे नाही.

कागदावर प्रश्न मिटला होता.

१३/
प्रत्यक्षात काही यंत्रे तक्त्यानुसार वागूनही उठत नव्हती. पडदा काळा होई, पंखा फिरत राही आणि शेवटी कुणाला तरी उठून बटण दाबावे लागे. काहींना कीबोर्डचीच वाट हवी होती, काहींना ३३२१ क्रमांकाच्या पोर्टवरचा चिपसेटचा रिसेट, काहींना जुन्या पद्धतीने फर्मवेअरमध्ये उडी.

लिनक्सच्या कर्त्यांनी अशा हट्टी यंत्रांची यादी ठेवायला सुरुवात केली. निर्माता अमुक, नमुना तमुक, तर त्याला या वाटेने उठवावे. यादी वाढतच गेली आणि प्रत्येक नव्या नोंदीमागे काळ्या पडद्यासमोर अडलेला कुणीतरी वापरकर्ता होता.

कारण यंत्रशास्त्रात नव्हते, व्यवहारात होते. फर्मवेअर लिहिणारा ते कशावर तपासून पाहतो? कारखान्यातून विंडोजसह बाहेर पडणाऱ्या यंत्राची परीक्षा विंडोजवरच होते. विंडोज ज्या वाटेने जाते ती वाट मळलेली असते. ज्या वाटेने जात नाही, ती करारनाम्यात कितीही ठळक असली तरी तिच्यात काटे माजलेले असू शकतात. सनद एक सांगत होती आणि वहिवाट दुसरे.

१४/
२०११ मध्ये लिनक्सच्या कर्त्यांनी दिशा बदलली. मॅथ्यू गॅरेट या विकासकाच्या पुढाकाराने पुनरारंभाच्या वाटांचा क्रम नव्याने लावला गेला. आधार घेतला तो करारनाम्याचा नव्हे, तर विंडोजच्या प्रत्यक्ष वर्तनाचा.

तो क्रम असा. प्रथम एसीपीआयच्या तक्त्यातील जागी अंक लिहायचा. यंत्र अजून जिवंत असेल, तर कीबोर्डच्या चिपेला निरोप द्यायचा. तरीही जिवंत असेल, तर एसीपीआय पुन्हा. मग कीबोर्ड पुन्हा. त्यापुढे फर्मवेअरच्या इतर सेवा, चिपसेटचा पोर्ट आणि अगदी शेवटी तो रिकामा तक्ता करून घडवलेला ट्रिपल फॉल्ट. कीबोर्डच्या फेरीत तर तो २५४ चा निरोप दहा वेळा पाठवला जातो, मध्ये अल्पसा विराम घेत.

एकाच दारावर दोनदा थाप मारणे तर्काला पटत नाही. पण दुसऱ्या थापेलाच उठणारी यंत्रे होती, आणि विंडोज दोनदा थाप मारत असल्याने ती कारखान्यातून निर्वेध बाहेर पडली होती. या बदलानंतर हट्टी यंत्रांच्या यादीची निकड पुष्कळ कमी झाली.

यातील आणखी एक विनोद असा की आजच्या बहुतेक यंत्रांत ८०४२ ही चिप स्वतंत्रपणे उरलेलीच नाही. तिचे काम दुसऱ्या चिपांनी घेतले आहे. कुठे कुठे तर फर्मवेअरच पडद्याआडून तिची नक्कल करते. कुलकर्णी गेले, वतन गेले. पण त्यांच्या नावाने टपाल आले की कुणीतरी ते अजून घेते, असा तो प्रकार.

१५/
दरम्यान फर्मवेअरचीही पिढी बदलली. जुन्या बायोसच्या जागी ईएफआय आले, आणि २००५ पासून त्याचा कारभार अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे, यूईएफआय म्हणून, गेला. त्यात पुनरारंभाची स्वतंत्र सेवा आहे. थंड आरंभ, उबदार आरंभ आणि पूर्ण बंद, असे पर्याय नावानिशी मागता येतात. सनद आणखी स्पष्ट झाली. तरीही साध्या पीसीवर लिनक्स या सेवेकडे वळते ते वरच्या चार थापांनंतर.

दुसरी वाट थेट बंडाची आहे. २००५ मध्येच लिनक्समध्ये ‘केएक्झेक’ ही सोय आली. चालू कार्यप्रणाली नवी कार्यप्रणाली मेमरीत आणून ठेवते आणि फर्मवेअरला न विचारता सरळ तिच्या आरंभी उडी घेते. मोठ्या सर्व्हरचे फर्मवेअर उठायला कित्येक मिनिटे घेते. तो वेळ वाचतो. पण उपकरणे मूळ स्थितीत येत नाहीत आणि जुन्या कारभाराची उष्टी तशीच राहू शकतात. मध्यस्थ वगळला की त्याचे काम स्वतःच्या अंगावर येते.

१६/
आणि कार्यप्रणालीच अडकली तर? निरोप धाडणाराच मूर्च्छित पडला, तर वाटांचा क्रम कितीही उत्तम असो, उपयोग नाही.

यासाठी ‘वॉचडॉग’ नावाचे पहारेकरी घड्याळ असते. कार्यप्रणालीने ठरावीक काळाने त्याला ‘ठीक आहे’ असे कळवायचे. कळवणे थांबले की घड्याळ परवानगी न विचारता रिसेटची तार ओढते. जिथे हात पोहोचत नाही, तिथे हेच शेवटचे साधन. १९९७ च्या जुलैत मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ या यानाचा संगणक वारंवार पुन्हा सुरू होऊ लागला. कामांच्या अग्रक्रमाचा घोळ होऊन एक महत्त्वाचे काम वेळेत पुरे होत नव्हते आणि पाळत ठेवणारी यंत्रणा रिसेट करत होती. दर वेळी त्या दिवसाचे काही काम वाया जाई, पण यान जिवंत राही. त्या अवधीत पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी दोष शोधला आणि सुधारणा वर पाठवली. रिसेट भरवशाचा नसता, तर कोट्यवधी किलोमीटरवर जाऊन बटण दाबणारे कुणी नव्हते.

मंगळ दूर राहिला. शेकडो यंत्रे एका दालनात असली आणि त्यांतील एक मध्यरात्री काळ्या पडद्यावर अडकले, तरी प्रश्न तोच असतो: ते आपले आपण उठेल, की कुणाला तरी उठून जावे लागेल?

१७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथेतून काय घ्यावे?

जमिनीच्या वादात एक पक्ष सनद दाखवतो आणि दुसरा पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. न्यायनिवाड्यांत दोन्हींना वजन असते, आणि केवळ सनदी वाचून गावाचा इतिहास लिहिणारा फसतो. संगणकाच्या इतिहासातही हेच घडते. एसीपीआयचा करारनामा वाचून कुणी म्हणेल की २००० नंतर यंत्रे एका शिस्तीने पुन्हा सुरू होऊ लागली. प्रत्यक्षात यंत्रांनी कोणते निरोप ओळखले, हे करारात सापडत नाही. ते लिनक्सच्या यादीत, विंडोजच्या अनुकरणात आणि दहा वेळा पाठवल्या जाणाऱ्या त्या २५४ या अंकात सापडते.

ज्यांनी वहिवाट पाडली, त्यांना सत्ता मिळाली, हेही नोंदवले पाहिजे. विंडोज जसे वागे, तसे वागणे इतरांना भाग पडले. ट्रॉम्बेत टीडीसी-१२ घडवणाऱ्यांना यंत्र आणि त्याचा आरंभ या दोन्हींच्या रिती स्वतः ठरवता आल्या. नंतरच्या पिढीने बाजारातील सुटे भाग घेऊन महासंगणक उभे केले. ते स्वस्त पडले, वेगवान झाले, आणि त्या भागांसोबत परक्या अंगणातील जुन्या रितीही घरात आल्या.

१८/
आज देवनारच्या एखाद्या घरात कुणी संगणकावर ‘रीस्टार्ट’ दाबेल. कार्यक्रम आवरतील, माहिती डिस्कवर उतरेल, पडदा काळा होईल. तो लिनक्सचा असला, तर आधी सनदीची वाट धरेल. ती साधली नाही, तर चाळीस वर्षांपूर्वीच्या एका मोकळ्या तारेच्या नावाने साद घालेल. काही क्षणांत पडदा उजळेल आणि वापरणाऱ्याच्या काहीच ध्यानात येणार नाही.

ध्यानात न येणे, हेच या व्यवस्थेचे यश आहे. खटक्यांसमोर उभ्या असलेल्या माणसाला घरी पाठवायला तिला अर्धे शतक लागले.